तीन वर्षं कोंबडीखत टाकूनही एन्झाइमचा रिपोर्ट खराब का आला

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. जुन्नर तालुका, मध्यम काळी जमीन, खरिपात सोयाबीन आणि रब्बीत कांदा. तीन वर्षं झाली एकरी दोन टन कोंबडीखत टाकताय, वर कांद्याला १०:२६:२६ (नत्र-स्फुरद-पालाश) खताच्या दोन बॅगा आहेतच. सेंद्रिय कर्ब ०.३८ होता तो ०.४१ झाला, सामू (पीएच) ८.१, स्फुरद (फॉस्फरस) ‘अति जास्त’. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका लॅबमधून एन्झाइमची, म्हणजे मातीतले जिवाणू आपलं काम करायला जे पदार्थ बनवतात त्यांची, टेस्ट करून घेतली, त्यात डिहायड्रोजिनेज कमी, फॉस्फटेज कमी आणि युरिएज तेवढं जास्त आलं. आता दुकानदार म्हणतोय जमीन मेलीय, सहा हजाराचं जिवाणू किट सोडा. तुम्ही विचारलंय किट घेऊ का, आणि कोंबडीखत बंद करून शेणखत किंवा लेंडीखत धरू का.

किटचं उत्तर एका शब्दात देते, नको. दुसऱ्याचं जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी १९ वर्षं माती तपासणीच्या लॅबमध्ये काढली, आता मोकळी आहे, सल्ला देते आणि पारनेरकडं घरची अडीच एकर बघते. त्यामुळं रिपोर्ट कसा तयार होतो हे आतून माहितीय आणि तो हातात आल्यावर शेतकऱ्याच्या पोटात कसा गोळा येतो तेही. पण तुमचं रान मी पाहिलेलं नाही. खत पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबड्यांचं आहे की तुसावरच्या ब्रॉयलरचं, पाणी विहिरीचं की बोअरचं, मातीत चुनखडी किती, यावर बरंच अवलंबून आहे, तेव्हा खालचं सगळं ‘बहुतेक’ धरूनच वाचा.

सगळ्यात मोठा घोळ इथं होतो की आपल्याला वाटतं खतातून जिवाणू रानात जातात, म्हणजे शेणखत हे विरजण. तसं नाहीये. शेणखत हे दूध आहे, विरजण तुमच्या मातीत आधीपासूनच आहे. जनावराच्या पोटातले जिवाणू बिनहवेच्या, उबदार जागेत वाढलेले, ते रानात आले की ऊन, कोरडेपणा आणि स्थानिक मंडळींची मारामारी यात बहुतेक सगळे काही आठवड्यांत संपतात. खत टाकल्यावर जी वाढ दिसते ती मातीतल्याच, उपाशी झोपलेल्या जिवाणूंची असते, त्यांना जेवण मिळालं म्हणून ते उठले एवढंच.

आता किटचा हिशोब करू. चांगल्या बाटलीत एका मिलीत १० कोटी जिवाणू असतात असं धरा, म्हणजे लिटरभरात १०,००० कोटी, ऐकायला भारी वाटतं. पण एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो भरतं आणि त्यातल्या एकेका ग्रॅममध्ये १०० कोटींच्या आसपास जिवाणू असतात. भागाकार करा, तुमच्या बाटलीतल्या एका पाहुण्यामागं ९० लाख गावकरी येतात. गावकऱ्यांनाच खायला नाही तिथं पाहुणा काय दिवे लावणार. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) लावणं वेगळं, तिथं आपण जिवाणू थेट मुळाच्या दारात नेऊन बसवतो, ते मी स्वतः दरवर्षी करते. पण स्फुरद ‘अति जास्त’ असलेल्या रानात पाटपाण्यातून स्फुरद विरघळवणारे जिवाणू सोडणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः.

एन्झाइमकडं येते, पुस्तकात याला विकर म्हणतात. तुमच्या रिपोर्टमधली तिन्ही नावं एका पंगतीतली नाहीत आणि ती वेगवेगळी वाचायची असतात.

डिहायड्रोजिनेज हे जिवंत पेशीच्या आत असतं, तिच्या श्वासाशी जोडलेलं. पेशी मेली की तेही गेलं, म्हणून ते त्या दिवसाची हजेरी सांगतं. आम्ही ते कसं मोजायचो सांगते. वीस ग्रॅम माती, चिमूटभर खडूची पावडर आणि टीटीसी नावाचं बिनरंगी औषध नळीत घालायचं, ३७ अंशावर २४ तास ठेवायचं. जिवाणू जेवढे काम करत असतील तेवढा त्या औषधाचा लाल रंग होतो, मग तो मिथेनॉलनं धुवून काढायचा आणि मशीनवर वाचायचा. एकदा सहज म्हणून एकाच रानाच्या तीन नळ्या लावल्या होत्या, मधल्या वाफ्याची माती, उकिरड्याशेजारची आणि बांधावरच्या हरळीखालची. वाफ्याची नळी फिकट गुलाबी, उकिरड्याशेजारची चांगली लाल, आणि बांधाची त्याहून गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखी. बांधाला कुणी कधी खत टाकलेलं नव्हतं, फक्त तिथं बारा महिने मुळं होती आणि नांगर गेलेला नव्हता. मला तोवर वाटायचं खताचा ढीग म्हणजे सगळ्यात वर, त्या दिवशी डोक्यातलं जरा हललं.

युरिएज आणि फॉस्फटेज यांचं निराळं आहे. ती पेशीच्या बाहेर पडतात, चिकणमातीला आणि ह्युमसला (कुजून उरलेल्या काळ्या सेंद्रिय भागाला) चिकटून बसतात आणि सोडणारा जिवाणू मेला तरी बरेच दिवस काम करत राहतात. बाई घरी गेली तरी खुरपं बांधावर राहतं तसं. काळ्या जमिनीत हे जास्तच, कारण आपली चिकणमाती त्यांना घट्ट धरते.

मग तुमचं फॉस्फटेज कमी का? बहुतेक कारण साधं आहे, गरज नाही म्हणून. सेंद्रिय पदार्थात अडकलेला स्फुरद सोडवायचं काम ते करतं आणि स्फुरदाची चणचण असली की जिवाणू ते जास्त बनवतात. घरात ज्वारीची पोती लागलेली असताना उसनं आणायला कोण जातंय. तुमचं बघा, कोंबडीखतात स्फुरद अडीच टक्क्यांच्या वर असतो, दोन टन म्हणजे पन्नास किलो, आणि १०:२६:२६ च्या दोन बॅगांतून आणखी २६. कांद्याची गरज एकरी १६ ते २० किलो. चौपटीच्या आसपास झालं की हो हे! तेव्हा फॉस्फटेज कमी हा आजार नाही, तुम्ही जास्त टाकताय याची ती पावती आहे.

युरिएज जास्त आलं म्हणून खूश होऊ नका. कोंबडीच्या विष्ठेत युरिक अ‍ॅसिड आणि युरिया भरपूर, ते खाणारी मंडळी वाढली, म्हणून युरिएज वाढलं. पण सामू ८.१ असलेल्या मातीत युरियाचा अमोनिया झटक्यात होतो आणि वरच्या थरात असला तर उडून जातो. खत पसरल्यावर डोळ्यात पाणी आणणारा वास येतो ना, तो तुमच्या नत्राच्या पैशाचा वास आहे.

राहिलं डिहायड्रोजिनेज, आणि इथं मी आधी लॅबवरच शंका घेणार. नमुना कसा नेला होता? एनपीकेसाठी (नत्र-स्फुरद-पालाश) आपण माती सावलीत वाळवतो, चाळतो, पिशवीत भरून देतो. डिहायड्रोजिनेजला ते चालत नाही, माती ओली, ताजी, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढून फ्रिजमध्ये चार अंशावर ठेवून लगेच लावावी लागते. मी ही चूक स्वतः केलीय. नोकरीच्या सुरुवातीला मे महिन्यात आलेले चाळीस नमुने नेहमीप्रमाणं वाळवले आणि मग साहेबांनी सांगितलं म्हणून एन्झाइमला लावले, सगळ्या नळ्या पांढऱ्याफटक. आकडे तसेच पुढं गेले, रिपोर्टवर ‘जैविक सक्रियता अत्यंत कमी’ असा शिक्कासुद्धा बसला. दोन महिन्यांनी त्याच रानातली ओली माती लावली तर छान लाल. त्या चाळीस जणांपैकी किती जणांनी घाबरून काय काय विकत घेतलं असेल, अजून आठवलं की वाईट वाटतं. तुमचा नमुना एसटीच्या पार्सलनं दोन दिवस उन्हात गेला असेल तर तो आकडा सरळ विसरा.

एककही बघा. काही लॅब तासाचा आकडा देतात, काही २४ तासांचा, आणि इंटरनेटवरच्या तक्त्याशी जुळवताना माणूस २४ पटीनं चुकतो. तारीखही बघा. ताजं खत मातीत गेलं की पहिल्या एक ते तीन आठवड्यांत डिहायड्रोजिनेज उसळतं आणि मग ओसरत जातं, त्यामुळं खतानंतर पंधरा दिवसांचा नमुना आणि चार महिन्यांचा नमुना यांची तुलना होऊच शकत नाही. आणि नुसता मोठा आकडा म्हणजे चांगलंच असंही नाही बरं का, पाणी तुंबलेल्या रानात बिनहवेचे जिवाणू माजतात आणि हा आकडा वर जातो, मुळं मात्र सडत असतात.

समजा नमुना नीट होता आणि आकडा खरंच कमी आहे. मग माझा अंदाज असा की तुम्ही रानाला एकाच पदार्थाचं जेवण घालताय. जिवाणूच्या अंगात कर्ब आणि नत्र साधारण आठास एक असतं, पण खाल्लेल्या कर्बातला दोन तृतीयांश तो श्वासात उडवतो, म्हणजे पोटभर जेवणाला चोवीसास एकच्या आसपास लागतं. कुजलेलं शेणखत वीस ते पंचवीसला असतं, जवळजवळ मापात. कोंबडीखत आठ ते बाराला. नत्र बक्कळ, कर्ब तोकडा. पहिले चार-सहा आठवडे मेजवानी होते, मग कर्ब संपतो, जिवाणू परत झोपतात आणि उरलेलं नत्र पाण्याबरोबर खाली किंवा हवेत वर.

वर कांद्याचं पीक असं की मुळं उथळ, काढल्यावर पात तेवढी रानात राहते, बाकी काही नाही. सोयाबीनचं भुसकट तुम्ही काय करता ते लिहिलं नाही, पण मळणी झाली की ते गोठ्यात जातं किंवा विकलं जातं असंच बहुतेक ठिकाणी बघते. म्हणजे कर्ब यायचे दोन्ही दरवाजे बंद. मार्च ते जून रान उघडं तापतं ते वेगळंच. दोष कोंबडीखताचा नाही, त्याच्या जोडीला काहीच नाही हा आहे.

कर्ब तीन वर्षांत ०.०३ च वाढला म्हणून नाराज आहात, तर हाही हिशोब घ्या. दोन टन कोंबडीखतात कोरडा माल दीड टन, त्यात कर्ब पाचशे किलोच्या आसपास. आपल्या उन्हात त्यातला दहा-पंधरा टक्के वर्षअखेर मातीत टिकतो, म्हणजे पन्नास ते पंचाहत्तर किलो. तीन वर्षांचे दीडशे ते सव्वादोनशे. नऊ लाख किलो मातीत ०.०३ टक्के म्हणजे २७० किलो. म्हणजे तुमचं काही चुकलेलं नाही, एवढंच वाढणार होतं, उलट लॅबमधली मागंपुढं चूकच कधीकधी याहून मोठी असते. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला एका प्लॉटला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत टाकलं आणि मग बंद केलं, त्याचा फरक त्या मातीत शंभर वर्षांनंतरही दिसत होता. थंड देश आहे तो, आपल्याकडं तसं टिकणार नाही, पण शेणखताचं काम किती सावकाश चालतं ते यातून कळतं. आपल्याकडचं बघायचं तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हावर दीर्घकालीन प्रयोग चालू आहे, तिथं नुसत्या एनपीकेपेक्षा एनपीके अधिक शेणखत या प्लॉटमध्ये जिवाणू आणि डिहायड्रोजिनेज जास्त. आणि हेही सांगते, कुणाला आवडो न आवडो, काहीच न टाकलेल्या प्लॉटपेक्षा नुसत्या एनपीकेचा प्लॉटसुद्धा बरा असतो, कारण पीक जोमदार आलं की मुळं जास्त आणि मुळं म्हणजे जिवाणूंचं जेवणच. रासायनिक खतानं जमीन मरते हे सरसकट वाक्य मी १९ वर्षांत नळीत कधी पाहिलेलं नाही. मापाबाहेर टाकल्यानं बिघडते, आणि ते कोंबडीखतालाही लागू आहे.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर फॉस्फटेज कमी कारण स्फुरद जास्त, युरिएज जास्त कारण कोंबडीखत, डिहायड्रोजिनेज कमी कारण एकतर नमुना वाळला किंवा कर्ब तोकडा पडला. आता काय करायचं ते.

तुमच्या जागी मी कोंबडीखत बंद करणार नाही, निम्मं करेन. एकरी एक टन, आणि त्याच्या वजनाइतकंच सोयाबीनचं भुसकट. भुसकटाचा ढीग तिप्पट-चौपट दिसेल, घाबरू नका. भुसकट जनावरांना लागत असेल तर गव्हाचं काड किंवा पाचट घ्या, त्यात कर्ब जास्त असतो म्हणून ते थोडं कमी चालेल. सावलीत थर द्या, पाणी मारा. मूठभर उचलून दाबलं तर हात ओला झाला पाहिजे पण पाणी टपकता कामा नये. वरून मातीचा पातळ थर द्या, अमोनिया धरून राहतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ढिगात लोखंडी पहार खुपसा, दहा मिनिटांनी काढून मधला भाग धरून बघा. हातात धरवत नसेल तर ढीग पेटलाय, पंचावन्न-साठ अंशाला गेलाय, तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू यातच मरतात. गार असेल तर पाणी कमी आहे किंवा दाबून हवा बंद झालीय. दर पंधरा दिवसांनी उलटा, तीनदा. दोनेक महिन्यांत अमोनियाचा वास जाऊन पहिल्या पावसाचा वास यायला लागतो, तो मातीतल्या अ‍ॅक्टिनोमायसिट्स जिवाणूंचा वास असतो, मग खत तयार.

एक टनातून स्फुरद २५ किलोच्या आसपास येतोय, कांद्याला तेवढा भरपूर, म्हणून १०:२६:२६ दोन वर्षं पूर्ण बंद ठेवा. नत्र लागेल तसं हप्त्यानं द्या, अमोनियम सल्फेटमधून दिलं तर कांद्याला गंधकही मिळेल. पालाश रिपोर्ट बघून. पैसे इथंच वाचतील, किटपेक्षा जास्त.

टाकायची वेळ मात्र बदला. एप्रिलमध्ये ट्रॉल्या ओतून रानात ढिगल्या पडलेल्या असतात महिना-महिना, वरचं वाळून खडखडीत, नत्र गेलेलं, जिवाणूंना ओल नाही म्हणजे जेवण समोर आणि तोंडाला कुलूप. लागवडीच्या पंधरा दिवस आधी वाफशावर पसरा आणि त्याच दिवशी उथळ मिसळा, चार बोटं, सहा बोटं, खोल नांगरून गाडू नका. आज पसरलं आणि रोटाव्हेटर परवा आला तर आपल्या सामूच्या जमिनीत परवापर्यंत बरंच उडालेलं असतं.

शेणखत की लेंडी? मिळेल ते, पण कुजलेलं. शेणखतात नत्र अर्धा टक्का असतं, ते खत म्हणून कमी आणि जिवाणूंचं जेवण म्हणून जास्त टाकायचं. लेंडीखतात नत्र शेणखतापेक्षा जास्त असतं आणि ते हळूहळू सुटतं. पण तुमच्या भागात दिवाळीनंतर धनगरांचे वाडे येतात, कधी पड रान असेल तर चार रात्री मेंढरं बसवून बघा. लेंडी तर पडतेच, पण मूतसुद्धा थेट मातीत जातं, जे उकिरड्यात कधीच हाताला लागत नाही. सकाळी मेंढरं उठली की लगेच पाळी मारा, तेवढं चुकवू नका. कच्चं शेण मात्र रानात नेऊ नका, हुमणी येते आणि तण येतं, बाकी तोटे सांगायची गरजच नाही. ट्रॉलीचा भाव ठरवताना हात घालून बघत चला, ओल्या मालात निम्मं पाणी असतं आणि आमच्याकडं तर खाली मुरूम भरलेल्या ट्रॉल्याही येतात.

परत टेस्ट करायची घाई नको. आधी फुकटातली करा. जुन्या सुती धोतराचे वीतभर लांबीचे सहा तुकडे घ्या, शंभर टक्के सुती, टेरिकॉट नको. प्रत्येकाला नायलॉनची दोरी बांधा म्हणजे सापडेल. दोन तुकडे नेहमीच्या पद्धतीच्या वाफ्यात, दोन भुसकट-कोंबडीखताच्या वाफ्यात आणि दोन बांधाच्या गवताखाली, सगळे वीतभर खोल, एकाच दिवशी पुरा. कापूस म्हणजे शुद्ध सेल्युलोज, तो खायला जिवाणू-बुरशीला स्वतःचीच एन्झाइम काढावी लागतात. वाफसा टिकवून ठेवा आणि पन्नास दिवसांनी उकरा. त्यासाठी या हंगामात दहा-बारा गुंठ्यांचा एक पट्टा मुद्दाम जुन्याच पद्धतीनं राहू द्या, नाहीतर फरक कशामुळं पडला ते कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

कापडाच्या चिंध्या धुवू नका, तशाच सहाच्या सहा ओळीनं मांडून फोटो टाका. आणि आधीचा नमुना कुठल्या तारखेला काढला, ओला गेला की वाळलेला, तेवढं आजच लिहा, म्हणजे त्या डिहायड्रोजिनेजच्या आकड्याचं काय करायचं ते ठरवता येईल.